आजार मनाचा की अँटीबॉडीचा?
समजा, विशीतली एक मुलगी अचानक भास होतात म्हणू लागली, घरच्यांवर संशय घेऊ लागली. तुम्ही म्हणाल, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. पण पुढे झटके आले, तोंड आपोआप हलू लागलं, श्वास मंदावला तर?

जोसेप दालमाऊ यांच्या गटाने २००७ साली अशा १२ स्त्रियांमध्ये मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवल्या. बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा ही गाठ होती. त्या गाठीत चेतापेशी असू शकतात. त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी मेंदूलाही त्रास देतात.

गाठ काढून स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वेळेत दिलं, तर बरेच रुग्ण सुधारतात. म्हणून पहिल्या निदानात न बसणारं लक्षण सोडून देऊ नका. तुमच्या डेटालाही हेच लागू आहे.