पानी काब्र पडस?

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गातली गोष्ट. परिसर अभ्यासाचा तास चालू होता. एका मुलाने हात वर केला नि विचारलं, "गुरुजी, पानी काब्र पडस?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मीही म्हणून गेलो, "अरे, नीट मराठीत विचार." तो गुपचूप खाली बसला. पुढे आठवडाभर त्याचा हात काही वर झाला नाही.

पाऊस का पडतो, हा किती छान प्रश्न! पण हसणाऱ्यांपैकी एकालाही त्याचं उत्तर येत नव्हतं. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती.

'काब्र' म्हणजे 'का'. ही आपली अहिराणी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांतली बोली. तिच्यात प्रश्न कसे विचारतात, बघा बरं:

तुनं नाव काय शे? – तुझं नाव काय आहे?
कोठे जाई ऱ्हायना? – कुठे चालला आहेस?
कव्हय ऊना? – केव्हा आलास?
कितला वाजनात? – किती वाजले?

गावागणिक उच्चार थोडे बदलतात. पण एक गंमत लक्षात आली का? काय, कोठे, कव्हय, कितला, काब्र, सगळे 'क'चे भाऊबंद! संस्कृतात किम्, कुत्र, कदा. हिंदीत क्या, कहाँ, कब. गुजरातीत 'किती'ला 'केटला' म्हणतात. आपला 'कितला' त्याच्या किती जवळचा! गुजरात शेजारीच आहे ना!

ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असतं, तो प्रश्न आणखी सोपा. शेवटी 'का' लावायचा: "जेवना का?" किंवा 'का' गाळून नुसता सूर चढवायचा: "जेवना?" पुस्तकी अरबी भाषेत अशा प्रश्नाच्या सुरुवातीला 'हल' हा शब्द येतो. पण तिकडच्या बोलींमध्ये बहुधा तो गाळतात आणि सुरावरच काम भागवतात. म्हणजे इतक्या दूरची माणसंही आपल्यासारखीच!

बोलीलाही व्याकरण असतं, ते असं. ग्रिअर्सन नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या १९०७ साली निघालेल्या एका भागात खानदेशीची स्वतंत्र नोंद आहे. मग आपण का लाजायचं?

पालकांनो, परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी लागते, ती मुलांना यायलाच हवी. पण मनात आलेला प्रश्न आधी घरच्या भाषेत येतो. त्याला तिथेच अडवलं, तर तो पुन्हा येत नाही.

शेवटी मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली, 'पानी काब्र पडस?' आणि 'पाऊस का पडतो?' मग वाफ, ढग, थेंब असं सगळं समजावलं. तास संपताना तोच हात पुन्हा वर आला: "गुरुजी, मंग गारा काब्र पडतस?"

या वेळी कुणी हसलं नाही. आता तुम्ही सांगा, गारा काब्र पडतस?