मलेरिया : पहिला डोस गावात, पण पुढचा उपचार दवाखान्यातच

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. नेमका हाच काळ मलेरियाचा. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया एखाद्या दिवसातही गंभीर रूप घेऊ शकतो. म्हणून तपासणी आणि पहिला उपचार गावातच व्हावा लागतो.

गावात काय होते?

ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे जायचं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन किटवर तपासणी होते. १५ ते २० मिनिटांत निकाल कळतो. फॅल्सिपेरम निघाल्यास ३ दिवसांच्या एसीटी गोळ्या सुरू होतात. ताप उतरला तरी त्या पूर्ण करायच्या. बाई गर्भवती असेल तर ते आधीच सांगावे, कारण प्रायमाक्विनसारखी गोळी गर्भारपणात देत नाहीत.

दवाखान्यात कधी न्यायचे?

झटके येणे, शुद्ध हरपणे, सारख्या उलट्या, पाणीही न पिणे, दम लागणे, डोळे पिवळे होणे, लघवी काळपट होणे, आधाराशिवाय बसता न येणे. यातले एकही लक्षण दिसले तर थांबायचं नाही. अशा रुग्णाला आर्टेसुनेटचे इंजेक्शन लागते. ते किमान २४ तास चालते, त्यानंतर पुन्हा ३ दिवस गोळ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी किंवा पाणी घालू नये.

वाट लांब असेल तर?

जिथे इंजेक्शन मिळत नाही तिथे ६ वर्षांखालील मुलांना आर्टेसुनेटची कॅप्सूल गुदद्वारातून देऊन लगेच पुढे पाठवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बांगलादेश, घाना आणि टांझानियातील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखाना गाठायला ६ तासांहून जास्त लागलेल्या रुग्णांना या एका डोसाचा मोठा फायदा झाला होता. पुढे काँगो, नायजेरिया आणि युगांडात मात्र कॅप्सूल वाटूनही मृत्यू घटल्याचे दिसले नाही. अनेक मुलं दवाखान्यापर्यंत पोहोचली नाहीत, पोहोचलेल्यांपैकी अनेकांना पूर्ण उपचार मिळाला नाही. २०२२ मध्ये संघटनेने विस्तार थांबवायला सांगितले आणि पुढच्या वर्षी नव्या सूचनांसह वापराला पुन्हा वाट दिली.

आपल्याकडेही हाच धोका आहे. पहिल्या डोसाने पोर जरा हुशारलं की घरचे म्हणतात, आता कशाला न्यायचं? किंवा आधी पुजाऱ्याकडे नेतात. पहिला डोस फक्त वाटेपुरता वेळ मिळवून देतो.

निघताना किटचा निकाल, दिलेले औषध आणि वेळ आशाताईंकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक मोफत आहे.