कुंपण कोणाचे?

वादळात मागचे कुंपण पडले. शेजारच्या गृहस्थांनी नवे खांब रोवले, ते आमच्या वाफ्यात हातभर आत! बोलायला गेलो तर त्यांनी दारच लावले. तावातावाने आम्ही लँड रजिस्ट्रीचा नकाशा मागवला. पण इंग्लंडात त्यावरची लाल रेघ साधारण हद्दच दाखवते. १:१२५० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वा मीटर. 'डावीकडचे कुंपण आपले' हाही निव्वळ समजच. वकिलाची फी मात्र वाफ्यापेक्षा मोठी! शेवटी कामी आला मुलाच्या वाढदिवसाचा जुना फोटो: मागे कुंपण आणि त्याच्या अलीकडे, आमच्या अंगणात, गटाराचे झाकण. झाकण काही चालत जात नाही. खांब सरकले, हद्दीच्या करारावर दोन्ही घरांनी सह्या केल्या. गृहस्थ अजून 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत.