एकच दिवस वारी चालायचीय? तयारी आठ दिवस आधीपासून करा

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. समर्थांनी बारा वर्षं पायी तीर्थाटन केलं, असं परंपरा सांगते. आज एवढं चालणं कुणाला जमत नाही, पण मुक्ताईची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा 'एक दिवस तरी चालू' असं अनेकांच्या मनात येतं. मुक्ताईनगरहून निघालेली ही पालखी बुलढाणा, जालना, बीड जिल्ह्यांतून पंढरपूरला जाते. घनसावंगी तालुक्यातल्या लोकांना अंबड ते वडीगोद्री हा वीसेक किलोमीटरचा टप्पा सोयीचा पडतो.

शेतात दिवसभर राबणाऱ्याला वीस किलोमीटर काय अवघड, असं वाटतं. पण शेतात माणूस मऊ मातीत फिरतो, मधेच सावलीला बसतो. इथं तापलेल्या डांबरावर तासन् तास एकसारखं चालायचं असतं. दम टिकतो, पाय आधी जातात.

म्हणून आठ दिवस आधीपासून रोज पहाटे चार-पाच किलोमीटर चाला. नवी चप्पल किंवा बूट त्या दिवशी घालू नका, वापरातलीच घाला. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ कापड किंवा पट्टी बांधा. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. त्यांना जखम झालेली कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही.

ताशी चार किलोमीटर धरले तर वीस किलोमीटरला पाच तास लागतात. विसावे धरून सात-आठ तास होतात. ज्येष्ठात पाऊस लांबला की ऊन मे महिन्यासारखंच असतं. तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं जलसंजीवनी तयार. मीठ जास्त नको.

चालणारा अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो थकवा नाही, उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आडवं करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वडीगोद्रीला सोलापूर-धुळे महामार्ग लागतो. तिथं गाड्या वेगात असतात. दिंडीची रांग सोडू नका. एकटे मागे पडलात तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चाला. पहाटे अंगावर पांढरा कपडा असू द्या.

निघताना दिंडीप्रमुखाला नाव आणि घरचा फोन नंबर सांगून ठेवा. आणि नाहीच झेपलं तर वाटेत थांबून एसटीनं घरी या. त्यात कमीपणा काही नाही, पालखी पुढच्या वर्षीही येणारच आहे.