पराभवाची आठवण नसलेला संघ

इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाने बास्केटबॉलमध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आहेत. अमेरिकन फुटबॉल म्हणजे तिथे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा विरंगुळा, असं मानत पिढ्या गेल्या. २०२३ संपताना वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक पराभव इंडियानाच्याच नावावर होते, सातशेहून जास्त. १९७६मध्ये बलाढ्य ओहायो स्टेटवर ७-६ अशी आघाडी मिळताच प्रशिक्षक ली कॉर्सो यांनी टाइमआउट घेतला आणि मागे धावफलक दिसेल अशा बेताने संघाचा फोटो काढून घेतला. सामना इंडियानाने ४७-७ असा गमावला. हा किस्सा हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात या संघाचं मूळ दुखणं दिसतं: आघाडी टिकेल यावर प्रशिक्षकाचाच विश्वास नव्हता.

२०२३च्या हंगामात तीन विजय, नऊ पराभव. शेवटचा पराभव राज्यातल्याच पर्ड्यू विद्यापीठाकडून झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक टॉम अ‍ॅलन यांना निरोप मिळाला. करार मोडण्याची भरपाई ठरली १ कोटी ५५ लाख डॉलर. अमेरिकेत प्रशिक्षकाला घालवणंही असं महागात पडतं. त्यांच्या जागी आले कर्ट सिग्नेटी, वय ६२.

सिग्नेटींच्या घरातच हा खेळ. वडील फ्रँक सिग्नेटी नामवंत प्रशिक्षक. कर्ट यांनी अलाबामा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली चार वर्षं काढली, २००९चं राष्ट्रीय विजेतेपद पाहिलं आणि मग, लोकांना वेडेपणा वाटेल असं, ते वैभव सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या छोट्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथल्या मैदानाला वडिलांचं नाव आहे. पुढे ईलॉन, मग जेम्स मॅडिसन ही विद्यापीठं. मुख्य प्रशिक्षक म्हणून पराभव विजयांपेक्षा जास्त, असा एकही हंगाम नाही. ब्लूमिंग्टनला आल्यावर पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना तुमची योजना कशी पटवता? उत्तर आलं: ‘मी जिंकतो. गुगल करून बघा.’

उद्धटपणा खरा, पण तो हिशेबी होता. कॉलेज खेळाडूंना आता ट्रान्सफर पोर्टल या व्यवस्थेतून विद्यापीठ बदलता येतं. पूर्वी बदल केला की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे, ते बंधन गेलं आहे. नाव आणि प्रसिद्धी यांचे पैसेही खेळाडूला मिळतात. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसनमधून तेरा खेळाडू आणले, बचाव आणि आक्रमणाचे साहाय्यक प्रशिक्षकही सोबत आले. लाइनबॅकर एडन फिशर, बचावफळीतला मिकाइल कमारा, रिसीव्हर एलायजा सॅरट हे त्यातलेच. आक्रमणाची सूत्रं हाती असलेला क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क हा कॅनडाचा, ओहायो विद्यापीठातून आलेला. निवडीचा निकष सरळ होता: उद्या काय करू शकेल यापेक्षा आजवर काय केलं ते बघायचं. जुन्या संघाला नवा उत्साह पाजण्यापेक्षा, इंडियानाच्या पराभवांशी ज्यांचं देणंघेणंच नाही अशी माणसं आणणं त्यांना जास्त भरवशाचं वाटलं असावं.

२०२४च्या हंगामापूर्वीच्या एका पाहणीत, इंडियाना ज्या गटात खेळतो त्या बिग टेनच्या अठरा संघांत इंडियानाला सतरावं स्थान दिलं होतं. मग वेस्टर्न इलिनॉयवर ७७-३, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएवर ४२-१३, नेब्रास्कावर ५६-७. पहिल्या आठ सामन्यांत हा संघ एक क्षणही मागे पडला नाही. नवव्यात मिशिगन स्टेटने १०-० अशी आघाडी घेतली, तेव्हा ‘आता उतरती कळा’ असं जुन्या प्रेक्षकांना वाटलं तर नवल नाही. त्यानंतरचे सलग ४७ गुण इंडियानाचे! पुढच्या शनिवारी गतविजेत्या मिशिगनला २०-१५ असं हरवलं आणि विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एका हंगामात दहा विजय झाले. १९४५ आणि १९६७च्या नावाजलेल्या संघांचेही नऊच होते.

मग ओहायो स्टेटने ३८-१५ अशी धूळ चारली. इंडियानाचं अख्खं आक्रमण १५१ यार्डांत आटोपलं. पुढच्या आठवड्यात पर्ड्यूवर ६६-० अशी भडास निघाली, पण राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत नोत्र दामने २७-१७ असं हरवलं. हा आकडाही फसवा आहे, कारण शेवटची दीड-दोन मिनिटं उरली तेव्हा धावफलक २७-३ होता. सोपे प्रतिस्पर्धी मिळाले म्हणून अकरा विजय, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पण राष्ट्रीय अंतिम सामन्यात भिडले ते ओहायो स्टेट आणि नोत्र दामच, आणि यांच्याखेरीज इंडियानाला कुणीही हरवलं नव्हतं. रूर्क तर गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळला, हे हंगाम संपल्यावर कळलं.

वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून असोसिएटेड प्रेसने सिग्नेटींची निवड केली. विद्यापीठाने तर हंगाम संपण्याआधीच वर्षाला ८० लाख डॉलरचा, आठ वर्षांचा करार पुढे केला होता. रूर्क व्यावसायिक फुटबॉलकडे गेला. त्याच्या जागी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा आला, तोही पोर्टलमधूनच. डिसेंबर २०२५मध्ये बिग टेनच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा ओहायो स्टेट होतं. या वेळी इंडियानाने सामना १३-१० असा काढला.