आवाज मुद्रित होत नाही, तेव्हा
लिनक्स संगणकावरील ध्वनिमुद्रणाचे दोष आणि ते शोधण्याची रीत

पौष महिन्यात गोव्याच्या गावोगावी मांडावर धालो सुरू होतात. ही गाणी अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आता बहुधा वयोवृद्ध झालेल्या असतात. अशा वेळी गावच्या शाळेतील एखाद्या शिक्षिकेच्या मनात येते की, आजींचा आवाज संगणकावर मुद्रित करून ठेवावा. आजींना सन्मानाने शाळेत आणले जाते. त्या तासभर गातात. संगणकाच्या पडद्यावर वेळ दाखविणारे आकडे पुढे सरकत राहतात आणि सर्वांना वाटते की, काम फत्ते झाले. सायंकाळी फाईल लावून पाहावी, तर तीत आवाजाचा लवलेशही नसतो.

पैशाने भरून निघेल अशी ही हानी नाही. यंत्र पुन्हा आणता येते, परंतु थकलेल्या कंठातून तेच गाणे त्याच उत्साहाने पुन्हा येईलच असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी ज्या ओव्यांचा आवाजही जतन झाला, त्यांची चाल आज ऐकता येते. कागदावर शब्द राहतात, चाल राहत नाही. ग्रामसभेचे कामकाज, शेतकऱ्याचा अनुभव अथवा विद्यार्थ्यांचे वाचन मुद्रित करावयाचे असले, तरीही हीच गोष्ट लागू पडते.

समाधानाची बाब अशी की, अशा प्रसंगी संगणक किंवा मायक्रोफोन मोडलेला असतोच असे नाही. पुष्कळदा वाटेतील एखादे दार मिटलेले असते, किंवा संगणक भलत्याच जागी कान लावून बसलेला असतो. ते दार शोधून काढण्याची पद्धत एकदा अंगवळणी पडली की, दुरुस्तीचा खर्च वाचतो आणि वेळही वाचतो.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचे सर्व व्यवहार चालविणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा लिनक्स हा एक प्रकार होय. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा प्रसिद्ध केला. ती मुक्त असल्यामुळे कोणासही विनामूल्य वापरता येते व तीत सुधारणाही करता येते. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ या नावाची भारतीय लिनक्स प्रणाली सादर केली. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही या कुळातील अन्य परिचित नावे. नावे भिन्न असली, तरी ध्वनीची वाट या सर्वांत जवळपास सारखीच आहे.

पाटाच्या पाण्याचा दृष्टांत

शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले नाही, तर जाणता शेतकरी लगेच विहीर आटली असे म्हणत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कोठवर आले आहे, हे पाहतो. जेथवर ओल आहे तेथवर पाट ठीक, जेथून कोरडे लागले तेथेच अडचण.

ध्वनीची वाटही अशीच आहे. तिच्यावर पाच मुक्काम लागतात. पहिला मायक्रोफोन आणि त्याची खुंटी. दुसरा ध्वनि-कार्ड, म्हणजे आवाजाच्या विद्युत्-लहरींचे अंकांत रूपांतर करणारा भाग. तिसरा ‘अल्सा’ ही कार्डाला हाताळणारी व्यवस्था. ही लिनक्सच्या गाभ्यातच असते. चौथा ध्वनि-सेवा, म्हणजे निरनिराळ्या कार्यक्रमांना आवाज वाटून देणारी यंत्रणा. हे काम पूर्वी ‘पल्सऑडिओ’ करीत असे, अलीकडच्या बहुतेक प्रणालींत ‘पाइपवायर’ करते. पाचवा मुक्काम म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करणारा कार्यक्रम, उदाहरणार्थ ‘ऑडॅसिटी’.

पहिला मुक्काम : खुंटी आणि तार

मेजावरच्या संगणकास मागील बाजूस बहुधा तीन गोल छिद्रे असतात. गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे, हिरवे कर्ण्याचे आणि निळे बाहेरील यंत्राकडून येणाऱ्या आवाजाचे. घाईत खुंटी हिरव्या छिद्रात गेली की मुद्रण होत नाही. लॅपटॉपवर मात्र पुष्कळदा एकच छिद्र असते आणि त्यासाठी चार कप्प्यांची खुंटी लागते. साध्या माइकची खुंटी तीन कप्प्यांची असते. ती छिद्रात बसते खरी, परंतु आवाज पोहोचत नाही. त्यासाठी एका छिद्राची दोन करणारा जोड बाजारात मिळतो.

सभेतील लाऊडस्पीकरचा माइक थेट संगणकास जोडणेही इष्ट नव्हे. संगणकाच्या छिद्रातून लहान माइकला अल्पसा विद्युत्-दाब पुरविला जातो आणि तो माइक त्या दाबावर चालतो. सभेच्या माइकची घडण निराळी असून त्याचा संकेत फार क्षीण असतो. यूएसबी माइकमध्ये ध्वनि-कार्ड अंगभूतच असते. त्यामुळे तो जोडताच संगणकास एक नवे, स्वतंत्र कार्ड दिसू लागते. याखेरीज माइकच्या तारेवरील लहान बटण आणि कळफलकावरील माइकचे चित्र असलेली कळ ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. तेथेच आवाज बंद केलेला असेल, तर पुढील सर्व शोध व्यर्थ होतो.

दुसरा मुक्काम : संगणकास कार्ड दिसते काय?

यासाठी टर्मिनल ही आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडावी. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाच्या. ‘एरेकॉर्ड’ हा शब्द ए, आर, ई, सी, ओ, आर, डी ही अक्षरे जोडून लिहावा. एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून ‘एल’ हे अक्षर द्यावे. मुद्रण करू शकणाऱ्या सर्व साधनांची यादी क्रमांकांसह पडद्यावर येते.

यादीत माइकचे कार्ड दिसले, तर निम्मी काळजी मिटली. यादी रिकामी आली, तर दोष या मुक्कामावर किंवा त्याच्याही आधी आहे, असे समजावे. यूएसबी माइक असल्यास दुसऱ्या छिद्रात लावून पाहावा. गेल्या काही वर्षांतील पुष्कळ लॅपटॉपांच्या अंतर्गत माइकसाठी ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हा स्वतंत्र भाग लागतो. तो बसविलेला नसल्यास कर्णे अथवा माइक मुके राहतात. डेबियनच्या अधिकृत संचात अशा फर्मवेअरचा समावेश २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून झाला. त्याहून जुन्या आवृत्तीवर तो निराळा बसवावा लागतो.

तिसरा मुक्काम : अल्साची दारे

टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा दिली असता आवाजाचे उभे स्तंभ दिसू लागतात. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण प्रथम दिसणारा एकटा स्तंभ कार्डाचा नसून ध्वनि-सेवेचा असतो. एफ-६ ही कळ दाबून खरे कार्ड निवडावे आणि एफ-४ दाबून मुद्रणाची दारे पाहावीत. स्तंभाखाली लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ असे दिसले, तर दार उघडे आहे. नुसत्या आडव्या रेघा दिसल्या, तर ते बंद आहे. जागा सोडण्याची लांब कळ दाबली की ते उघडते. बाणाच्या कळेने पातळी चढविता येते.

काही कार्डांवर पुढचा माइक, मागचा माइक, निळे छिद्र यांतून एकाची निवड करावी लागते. तसेच ‘माइक बूस्ट’ नावाचा स्तंभ आढळतो. तो क्षीण आवाज वाढवितो, परंतु त्याबरोबर खरखरही वाढवितो. म्हणून आधी मुख्य पातळी चढवावी आणि तेवढ्याने भागले नाही, तरच बूस्टला हात लावावा.

चौथा मुक्काम : ध्वनि-सेवा कोठे कान लावते?

सेटिंग्जमधील ‘साउंड’ या भागात ‘इनपुट’ची यादी असते. तेथे योग्य माइक निवडून बोलले की, शेजारची पट्टी हलते. अधिक बारीक तपासासाठी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा कार्यक्रम बसवून घ्यावा. पाइपवायरवरही तो उत्तम चालतो.

या कार्यक्रमात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर कार्डाचे रूप केवळ ‘आउटपुट’ ठेवलेले असेल, तर माइक यादीतून नाहीसा होतो. तेथे ‘डुप्लेक्स’, म्हणजे ऐकणे व ऐकविणे दोन्ही, असे रूप निवडावे. दुसरी, मुद्रण चालू असताना ‘रेकॉर्डिंग’ या पानावर तो कार्यक्रम कोणत्या स्रोतातून आवाज घेत आहे, हे दिसते. तेथे ‘मॉनिटर’ असा शब्द आढळला, तर संगणक बाहेरचा आवाज न घेता स्वतःच्या कर्ण्याकडे जाणारा आवाज मुद्रित करीत आहे, असे जाणावे. शांत खोलीत गाणाऱ्या आजींच्या फाईलीत निःशब्दता येण्याचे हे एक नेमके कारण होय. तिसरी, ब्लूटूथचा संच गाणी ऐकविण्याच्या रूपात असेल, तर त्याचा माइक मिळत नाही. दूरध्वनीच्या रूपात तो मिळतो, पण आवाजाचा दर्जा उतरतो. महत्त्वाच्या कामासाठी तारेचा माइकच बरा.

काही लॅपटॉपांवर एक विचित्र दोष आढळतो. पडद्यावरील पट्टी हलते, पण मुद्रण जवळजवळ मुके येते. अशा यंत्रांत डावा व उजवा संकेत परस्परांच्या उलट असतो. एकाचा उंचवटा तेथे दुसऱ्याचा खळगा. दोन्ही एकत्र केले की, ते एकमेकांस पुसून टाकतात. यावर उपाय म्हणजे दोन बाजूंची जोडी सोडवून एका बाजूची पातळी शून्यावर आणणे.

पाचवा मुक्काम : कार्यक्रमाची परवानगी

ऑडॅसिटीमध्ये मुद्रणाचे साधन निराळे निवडावे लागते. माइक नंतर जोडला असेल, तर साधनांची यादी पुन्हा वाचण्यास सांगावे किंवा कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा. स्नॅप अथवा फ्लॅटपॅक पद्धतीने बसविलेल्या कार्यक्रमांना माइकची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागू शकते. ब्राउझरमधून मुद्रण करताना त्याने विचारलेल्या परवानगीस एकदा नकार दिला असेल, तर तो नकार लक्षात ठेवला जातो. तो मागे घ्यावा लागतो. ‘साधन व्यग्र आहे’ अशा अर्थाचा संदेश आल्यास दुसरा कार्यक्रम माइक धरून बसला आहे, असा त्याचा अर्थ.

पाच सेकंदांची कसोटी

दोष पाटाच्या वरच्या भागात की खालच्या, हे एका आज्ञेने ठरविता येते. ‘एरेकॉर्ड’ नंतर आडवी रेघ व ‘डी’, मग ५ हा आकडा. पुन्हा आडवी रेघ व ‘एफ’, मग ‘सीडी’ ही दोन अक्षरे. आणि शेवटी फाईलचे नाव, जसे ‘टेस्ट’, टिंब व ‘वेव्ह’ची तीन अक्षरे डब्ल्यू, ए, व्ही. आकडे इंग्रजीच असावेत. पाच सेकंद बोलावे आणि ‘एप्ले’ या आज्ञेपुढे त्याच फाईलचे नाव देऊन ऐकावे. येथे आवाज आला, तर दोष ऑडॅसिटी अथवा ब्राउझरच्या मुक्कामावर आहे. आला नाही, तर आधीच्या चार मुक्कामांत शोधावे. ‘सीडी’ ही अक्षरे गाळू नयेत, कारण ती नसता ही आज्ञा अगदी हलक्या दर्जाचे मुद्रण करते.

या दर्जाच्या मुद्रणात सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात आणि मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. तासाभराच्या गायनास ६३५ मेगाबाइटच्या आसपास जागा हवी. ती आहे की नाही, हे आधी पाहावे.

आवाज येतो, पण बिघडलेला

फुटलेला आवाज हा बहुधा पातळी अतिशय चढविल्याचा परिणाम असतो. एकदा माथा छाटला गेलेला आवाज मागाहून पूर्ववत होत नाही, म्हणून पातळी थोडी कमीच ठेवावी. सतत घूं घूं असा आवाज येत असल्यास चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. वीजपुरवठ्याचा दोष असेल, तर तो तत्काळ थांबतो. पंखा बंद करावा, खिडकी लावावी आणि माइक गाणाऱ्या व्यक्तीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. इतके केले, तरी निम्म्या तक्रारी दूर होतात.

आधी कसोटी, मग कार्यक्रम

सारांश असा की, मुद्रणाच्या दिवशी पाहुणे येण्यापूर्वी माइक जोडावा, पाच सेकंदांचे मुद्रण करावे आणि ते ऐकावे. पडद्यावरील आकडे सरकतात यावर विसंबू नये. पहिले गाणे संपताच पुन्हा एकदा ऐकून खात्री करावी. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकताना गाणाऱ्यासही हुरूप येतो. कार्यक्रम संपताच फाईलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि तिच्या नावात गाव, व्यक्ती व दिनांक यांची नोंद करावी.

शाळेतील जुना संगणक आणि बेताच्या किमतीचा माइक एवढ्या साधनांवर गावाचा वाणीरूप ठेवा जतन होऊ शकतो. त्यासाठी थोडा धीर आणि पाच सेकंदांची सवय हवी. आजींनी मांडावरचे गाणे गाऊन आपले काम केलेले असते. ते पुढच्या पिढीच्या कानी पोहोचविणे हे यंत्रापाशी बसणाऱ्याचे काम होय.