गाडी चांगली की हात चांगला?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात चार माणसं बसली आणि त्यातल्या एकानं नवीन गाडी घ्यायचा विषय काढला, की पुढचा अर्धा तास कुणाला चहाचीही आठवण राहत नाही. प्रत्येकाची एक कंपनी ठरलेली असते. एक जण म्हणतो, "भाऊ, आपल्या रस्त्यानं एकच गाडी टिकते." दुसरा म्हणतो, "आमच्या घरात तीस वर्षं हीच कंपनी आहे, कधी दगा दिला नाही." वाद होतो, पण मत कुणाचंच बदलत नाही. माणूस धान्याचा व्यापारी बदलतो, बियाण्याचं वाण बदलतो, मत देताना पक्षसुद्धा बदलतो. गाडीची कंपनी मात्र बदलत नाही. असं का होतं आणि आजच्या दिवसात ते कितपत बरं, याविषयी आज थोडं बोलू.

प्रथम आपला मुलूख लक्षात घ्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, तर मलकापूर कितीतरी खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते. म्हणजे घाटावरच्या माणसाला आगगाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं, आणि खामगावला जायचं तर बोथ्याचा घाट. आजारी माणूस असो, कापूस असो की शेगावला महाराजांच्या दर्शनाला निघालेलं वऱ्हाड असो, घाट कुणाला चुकत नाही.

अशा मुलखात जीप रुजली नसती तरच नवल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेली विलीज जीप भारतात आणली ती महिंद्रा कंपनीनं. १९४५ साली सुरू झालेल्या या मुंबईच्या कंपनीनं १९४७ पासून जीप जोडायला सुरुवात केली. पुढं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरवर जे नाव, तेच जीपवर, असं पुष्कळ ठिकाणी झालं. कमांडर, मार्शल, आर्माडा, मग २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ. ट्रॅक्स आणि टाटांची सुमो याही जोडीला होत्याच. काळी-पिवळी म्हणून याच गाड्या धावल्या आणि आपल्या लोकांनी त्या सगळ्यांना एकच नाव दिलं, जीप.

या गाड्या घाटात का चालल्या, त्यालाही कारण आहे. त्यांच्याखाली लोखंडी चेसिसचा भक्कम सांगाडा असतो आणि बहुतेकांच्या मागं पाट्यांची स्प्रिंग. खड्ड्यात आदळली तरी पाटा तुटेल, पण गावातला लोहारही तो तात्पुरता बसवून देईल. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देतं, त्यामुळे भरल्या गाडीनं चढताना ते लवकर दमत नाही. आणखी एक गोष्ट. या गाड्यांची मागची चाकं ओढतात. चढावर वजन मागं सरकतं आणि ओढणारी चाकं रस्त्यावर जास्त दाबली जातात. छोट्या मोटारींमध्ये बहुधा पुढची चाकं ओढतात. मागं चार माणसं आणि टपावर सामान घेऊन ओल्या चढावर गेलं, की पुढचा भाग हलका होतो आणि चाक जागेवर फिरू लागतं. आपल्या लोकांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, अनुभवानं ओळखलं होतं.

म्हणजे कंपनीवरची निष्ठा ही नुसती हौस नाही. तिच्यात रस्त्याची माहिती आहे. मिस्त्रीही आहे. गाडी पुण्या-मुंबईत बंद पडली तर फोन केला की माणूस येतो. लोणार-मेहकर रस्त्यावर रात्री नऊला बंद पडली, तर जवळच्या गावातल्या मिस्त्रीला ती खोलता येते का आणि त्याच्या फळीवर तिचा पार्ट आहे का, हाच प्रश्न असतो. ज्या गाडीचे पार्ट तालुक्याला मिळतात, ती चांगली गाडी. निम्म्या वेळा आपण ज्याला कंपनीवरचा विश्वास म्हणतो, तो खरं तर मिस्त्रीवरचा विश्वास असतो. त्यात जुनी गाडी विकताना येणारी किंमत. गिऱ्हाईक ज्या नावाला ओळखतं त्याच नावाला पैसे देतं, आणि म्हणून पुढचा माणूसही तेच नाव घेतो.

पण या निष्ठेत एक भाग निरुपायाचाही होता, हे विसरू नये. एके काळी आपल्या देशात मोटार म्हणजे अँबॅसॅडर नाहीतर फियाट. कलेक्टर साहेबांची पांढरी अँबॅसॅडर, डॉक्टरांची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट पुढं पद्मिनी झाली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मिळाली की देवासारखी सांभाळायची. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढं मास्तर, बँकेतले कारकून यांच्या दारातही मोटार दिसू लागली, आणि जन्मभर अँबॅसॅडरची शपथ घेणाऱ्यांनी पाहता पाहता मारुती घेतली. अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्याच वर्षी मारुती ८०० चंही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. दुसरा पर्याय नसताना ठेवलेली निष्ठा आणि दहा पर्याय पाहून ठेवलेली निष्ठा, या दोन्हींची किंमत सारखी नसते.

आता घरची गोष्ट सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या आईला उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं. मलकापूरहून रात्रीची गाडी होती. श्रावणातला पाऊस, राजूर घाटात समोरचं दिसत नाही, आणि आमची जुनी डिझेल जीप. थोरले काका चालवत होते. गाडी एकदाही घसरली नाही, ब्रेक एकदाही दबला नाही. आईला वेळेवर गाडी मिळाली आणि ती बरी होऊन परत आली. त्या रात्रीपासून आमच्या घरात दुसऱ्या कंपनीचं नाव निघालं नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलांना किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही.

गेल्या वर्षी मुलीसाठी गाडी घ्यायची ठरली. ती नागपूरला नोकरीला आहे आणि पंधरा दिवसांनी एकदा स्वतः गाडी चालवत बुलडाण्याला येते. मी अर्थात तीच कंपनी म्हणालो आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, त्या रात्री गाडी चांगली होती की काका चांगले होते?"

मला उत्तर देता येईना. कारण काकांनी काय केलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. घाटाच्या माथ्यावरच त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि पायथ्यापर्यंत काढला नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. लहान गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं खेचून धरतं. सारखा ब्रेक दाबत उतरलं, की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर, जिथं ते लागायचे, तिथं पकडत नाहीत. आमच्या गाडीचे ब्रेक चांगले राहिले, कारण काकांनी ते खर्चच केले नव्हते. श्रेय मात्र आम्ही चाळीस वर्षं कंपनीला देत आलो.

इथं आपल्याकडच्या एका सवयीविषयी सांगायला हवं. उतार लागला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होतं. शिवाय वाचतही काही नाही. आजच्या इंजिनांत गिअर तसाच ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला, की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं तेल जळतच राहतं. म्हणजे धोकाही पत्करायचा आणि अ‍ॅव्हरेजही घालवायचं.

मुलीचा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. ती म्हणाली, "मी घाटात दहा मिनिटं असते आणि समृद्धीवर काही तास." खरंच आहे. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेडराजाच्या बाजूनं गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले, ते आपण कुणीच विसरलो नाही. घाटानं आपल्याला हळू चालवायला शिकवलं. हा रस्ता वेगळ्या गोष्टी मागतो.

मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगानं एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढं जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. साठच्या वेगापेक्षा एकशेवीसच्या वेगाला गाडीतला जोर दुप्पट नाही, चौपट असतो, म्हणून थांबायलाही साधारण चौपट अंतर लागतं. उंच गाडी खड्ड्यात सोयीची, पण तिचा भार वर असल्यानं एकदम स्टिअरिंग फिरवलं तर ती लवकर कलंडते. टायरमध्ये हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दबते, आतून तापते आणि फुटते. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासावी. टायरचं वयही पाहावं. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

मग कंपनी कोणती? इथं मला एक नवी गोष्ट समजली. गाडी अडथळ्यावर आदळवून तिला तारे देतात. ग्लोबल एनकॅप ही संस्था हे काम करते आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप पद्धतही सुरू झाली. हे तारे कंपनीला मिळत नाहीत, मॉडेलला मिळतात. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच मिळाले आणि बोलेरो निओला २०२४ मध्ये एक. मारुतीचंही तसंच. स्विफ्टला २०२२ मध्ये एक तारा, तर नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच. म्हणजे 'आमची कंपनी मजबूत' हे वाक्यच अपुरं आहे. कोणतं मॉडेल, कोणत्या सालचं, हे विचारायला हवं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर साल जरूर पाहावं. ब्रेक जोरात दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएसची सोय नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या आसनासमोरही. त्याआधीची गाडी स्वस्तात मिळाली, तर काय नसल्यामुळे स्वस्त आहे ते विचारा. आणि गाडी कितीही भारी असली तरी पट्टा लावायचा, मागं बसणाऱ्यांनीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, परदेशी कंपनीची होती. ते मागं बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

तर मंडळी, कंपनीवरचा विश्वास सोडा असं मी म्हणत नाही. मिस्त्री, पार्ट, विक्रीची किंमत ही कारणं आजही खरी आहेत. पण तो विश्वास वडिलांकडून आला तसाच पुढं देऊ नका. आपली गाडी जास्त वेळ कोणत्या रस्त्यावर असते, कोण चालवतं आणि त्या मॉडेलची चाचणी काय सांगते, एवढं पाहून मगच तो पक्का करा.

आमच्या घरी शेवटी गाडी आली ती जुन्याच कंपनीची. पण मॉडेल मुलीनं तारे पाहून निवडलं आणि मी म्हणत होतो ते बाजूला पडलं. पहिल्या रविवारी आम्ही दोघं मलकापूरला निघालो. राजूर घाटाच्या माथ्यावर मी सांगणार, एवढ्यात तिनं दुसरा गिअर टाकला. मी पट्टा नीट केला आणि गप्प बसलो.